मासेमारीच्या होडीवरील बॅटऱ्यांची जोडणी

इगतपुरी तालुक्यातील घोटीचे नाव घेतले म्हणजे प्रथम भात आठवतो, आणि भाताबरोबर पाऊस. या पावसाच्या जोरावरच घोटीच्या आसपास एकामागून एक जलाशय उभे राहिले. दारणा धरण १९१६ चे. ऊर्ध्व वैतरणा १९७३ चे. मुकणे व भावली ही त्यानंतरची. धरणांमुळे काही गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या हे खरे, परंतु त्याच पाण्यात कटला, रोहू व मृगळ हे मासे वाढू लागले आणि भाताची कापणी उरकल्यावर रिकाम्या हातांना जाळ्याचे काम मिळाले.

या जलाशयांवरील मासेमारीची साधने साधीच असतात. पुष्कळ ठिकाणी फुगविलेली रबरी ट्यूब किंवा थर्माकोलचा तराफा यावर बसून माणूस जाळे टाकतो. ज्यांना जमले त्यांनी पत्र्याची वा फायबरची होडी घेतली आहे. अशा होडीवर दिवा आला, माशांचा ठाव दाखविणारे यंत्र आले, क्वचित विजेची मोटरही आली, म्हणजे बॅटरी आली. आणि एक बॅटरी पुरेनाशी झाली की दुसरी आणून तिच्या शेजारी ठेवली जाते. या दोन बॅटऱ्या एकमेकींना कशा जोडाव्यात, या प्रश्नापाशी मात्र बहुतेक ठिकाणी अंदाजाने काम चालते. तो अंदाज चुकला तर पहाटेच्या काळोखात, वारा सुटला असता, काठापासून दूर असलेल्या होडीवरील दिवा विझतो व मोटर बंद पडते. त्याहून वाईट म्हणजे पाण्याच्या मध्यावर तारेला आग लागते. शिवाय एका बॅटरीची किंमत ही लहान कुटुंबाला सहज पेलणारी बाब नव्हे. यास्तव ग्रामसेवकाने हा विषय स्वतः समजून घेऊन मच्छीमारांस समजावून द्यावा हे उचित होय. ट्रॅक्टर, फवारणी पंप व घरचा इन्व्हर्टर वापरणाऱ्या शेतकऱ्यासही तो तितकाच उपयोगी आहे.

बॅटरीच्या पोटात काय असते

शिसे-आम्ल बॅटरी फ्रान्समधील गास्ताँ प्लांते यांनी १८५९ साली तयार केली. दीडशेहून अधिक वर्षे लोटली तरी तिचे मूळ तत्त्व तेच आहे. शिशाच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडविलेल्या असतात. अशा एका घटाचा विद्युद्दाब सुमारे २ व्होल्ट असतो. सहा घट एकापुढे एक जोडले म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी तयार होते. म्हणजेच जोडणीचा पहिला धडा बॅटरीच्या पोटातच घातलेला आहे.

बॅटरीवर दोन आकडे असतात. व्होल्ट हा दाबाचा आकडा, आणि अँपिअर-तास हा साठ्याचा. पाण्याच्या टाकीची उपमा येथे चांगली लागू पडते. टाकी किती उंचीवर आहे ते व्होल्ट सांगतात, टाकीत पाणी किती मावते ते अँपिअर-तास सांगतात. तोटीतून एका वेळी किती धार पडते तो अँपिअर, म्हणजे प्रवाह. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार केला की वॅट मिळतात.

येथे एक गोष्ट प्रारंभीच ध्यानात घेतली पाहिजे. १०० अँपिअर-तास असे बॅटरीवर लिहिलेले असले तरी शिसे-आम्ल बॅटरीतून नित्य निम्म्याहून अधिक साठा काढू नये. रोज तळ गाठणारी बॅटरी थोड्याच काळात निकामी होते. शिवाय तो आकडा दहा किंवा वीस तास सावकाश काढलेल्या विजेचा असतो; मोटरीने ती झपाट्याने ओढली तर तितकी मिळत नाही.

ट्रकची वा ट्रॅक्टरची बॅटरी होडीवर वापरण्याचा मोह फार असतो, कारण ती घरी किंवा शेजारी असते. परंतु ती इंजिन सुरू करण्यासाठी क्षणभर मोठा प्रवाह देण्याकरिता बनविलेली असते व तिच्या पट्ट्या पातळ असतात. तासन् तास दिवे आणि मोटर चालविण्याचे काम तिचे नव्हे. त्या कामाला जाड पट्ट्यांची अथवा नळीच्या रचनेची, म्हणजे ट्युब्युलर, बॅटरी घ्यावी. इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर बॅटरी होडीवर कलंडण्याचा धोका असतो, म्हणून ती घट्ट बांधल्यावाचून होडीत नेऊ नये.

समांतर जोडणी व एकसर जोडणी

दोन टाक्या एकाच उंचीवर शेजारी शेजारी ठेवून तळाशी नळीने जोडल्या तर पाण्याची उंची तीच राहते, साठा मात्र दुप्पट होतो. ही समांतर जोडणी. एका बॅटरीचे धन टोक दुसरीच्या धन टोकास आणि ऋण टोक ऋण टोकास जोडतात. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या अशा जोडल्या की १२ व्होल्ट व २०० अँपिअर-तास मिळतात.

एका पंपाने उचललेले पाणी दुसऱ्या पंपाने त्याच्याही वर चढविले तर उंची दुप्पट होते, धार तेवढीच राहते. ही एकसर जोडणी. पहिल्या बॅटरीचे धन टोक दुसरीच्या ऋण टोकास जोडतात आणि उरलेल्या दोन टोकांवरून वीज घेतात. त्याच दोन बॅटऱ्यांपासून आता २४ व्होल्ट व १०० अँपिअर-तास मिळतात.

पुष्कळांची अशी समजूत असते की यांपैकी एका जोडणीत वीज अधिक मिळते. तसे नाही. १२ ला २०० ने गुणले काय किंवा २४ ला १०० ने गुणले काय, उत्तर २४०० वॅट-तासच येते. कोणती जोडणी करावयाची हे होडीवरील साधने किती व्होल्टची आहेत त्यावर ठरते. १२ व्होल्टच्या मोटरीला २४ व्होल्ट देणे म्हणजे ती जाळणे होय.

मग २४ व्होल्टचा लाभ कोणता? लाभ तारेत आहे. समजा ३६० वॅटची मोटर होडीच्या मागे असून बॅटरी चार मीटर अंतरावर आहे. जाण्याची व येण्याची मिळून तांब्याची तार आठ मीटर झाली. १२ व्होल्टवर ही मोटर ३० अँपिअर ओढील. तार ४ चौरस मिलिमीटर जाडीची असेल तर एक व्होल्टाहून थोडा अधिक दाब तारेतच खर्च होईल. मोटरीला ११ व्होल्टही धड पोहोचणार नाहीत आणि तार तापेल. १६ चौरस मिलिमीटरची तार घातली तर तूट पाव व्होल्टावर येते. तीच ३६० वॅटची मोटर २४ व्होल्टची असेल तर प्रवाह १५ अँपिअर होतो, आणि ४ चौरस मिलिमीटरच्या तारेतही तूट अर्धा व्होल्ट, तीही २४ पैकी. मोटर मोठी व तार लांब असेल तर २४ व्होल्ट सोयीचे ठरतात ते एवढ्याचसाठी. लहान होडीला १२ व्होल्टची समांतर जोडणी व जाड तार पुरेशी आहे. तीच सोपी, आणि दुरुस्तीही घोटीसारख्या बाजाराच्या गावी होऊ शकते.

एकसर जोडणीत एक खोड हटकून आढळते. २४ व्होल्टच्या जोडीतील एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टचा दिवा किंवा रेडिओ जोडला जातो. त्यायोगे ती एक बॅटरी रोज अधिक रिकामी होते. भरताना मात्र दोन्हींना प्रवाह सारखाच मिळतो. परिणामी एक कायम उपाशी राहते आणि दुसरी अति भरून तिचे पाणी उडते. काही महिन्यांत दोन्ही वाया जातात. २४ व्होल्टवरून १२ व्होल्टचे साधन चालवावयाचे असेल तर दाब उतरविणारा कन्व्हर्टर मध्ये बसवावा.

जोडी सारखी असावी

एका जुवाखाली तरणा बैल व थकलेला बैल जुंपला तर काय होते ते शेतकऱ्यास सांगावयास नको. बॅटऱ्यांचेही तसेच आहे. जुन्या बॅटरीशेजारी नवी आणून समांतर जोडली की नवी बॅटरी जुनीला भरण्यात आपली शक्ती घालविते व लवकर जुनी होते. यास्तव जोडीतील बॅटऱ्या एकाच बनावटीच्या, एकाच अँपिअर-तासांच्या, एकाच वेळी खरेदी केलेल्या असाव्यात. जोडण्यापूर्वी प्रत्येक बॅटरी निरनिराळी पूर्ण भरून काही तास तशीच ठेवावी आणि मग मीटरने दाब पाहावा. विश्रांतीनंतर १२.७ व्होल्टच्या आसपास दाब असलेली बॅटरी पूर्ण भरलेली समजावी. १२.२ म्हणजे सुमारे निम्मी, आणि ११.९ म्हणजे जवळजवळ रिकामी.

झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने प्रत्येक घटातील आम्लाची घनता पाहणे अधिक चांगले. भरलेल्या घटात ती सुमारे १.२५ ते १.२८ असते. एखाद्या घटातील घनता इतरांपेक्षा ०.०५ किंवा त्याहून अधिक कमी निघाली तर तो घट बिघडला आहे असे समजून ती बॅटरी जोडीत घेऊ नये. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे. ती न करता बॅटऱ्या जोडणे म्हणजे बी न निवडता रोप टाकणे.

एका होडीचा हिशेब

समजा एका होडीवर १२ व्होल्टची, ३० अँपिअर ओढणारी मोटर आहे व ती जाता-येता मिळून दोन तास चालते. म्हणजे ६० अँपिअर-तास झाले. १० वॅटचे दोन दिवे सहा तास लागतात. २० वॅट गुणिले ६ म्हणजे १२० वॅट-तास, त्यास १२ ने भागले असता १० अँपिअर-तास. एकूण ७० झाले. १०० अँपिअर-तासांची एक बॅटरी ५० पेक्षा अधिक देऊ शकत नाही, म्हणून ती अपुरी. दोन बॅटऱ्या समांतर जोडल्या की १०० वापरता येतात व ३० शिल्लक राहतात. ही शिल्लक चैन नव्हे. उलट वारा लागला तर परतीच्या वेळी मोटर अधिक वेळ चालवावी लागते, ती या शिलकीतून.

अशा दोन बॅटऱ्यांचे वजन ५० ते ६० किलो भरते, म्हणजे होडीत एक माणूस अधिक बसल्यासारखे आहे. त्या होडीच्या मध्यभागी, तळाशी, परंतु तळाला साठणाऱ्या पाण्याच्या वर, फळीवर ठेवाव्यात व पट्ट्याने आवळाव्यात. बॅटरीच्या खोक्याला वरच्या बाजूस वायू जाण्यासाठी मोकळी वाट असावी. भरताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा ४ झाले तरी एका ठिणगीने तो पेट घेतो. बंद खोक्यात तोंड घालून काडी पेटवून आम्लाची पातळी पाहणे यासारखा अविचार दुसरा नाही.

प्रत्यक्ष जोडणी

काम काठावर, दिवसा व कोरड्या हातांनी करावे. हातातील कडे, अंगठी व घड्याळ काढून ठेवावे. पान्ह्याच्या दांड्याला रबरी नळी चढवावी, म्हणजे तो चुकून दोन टोकांवर आडवा पडला तरी ठिणगी उडणार नाही. मोटर व दिवे यांच्या वितळतारा, ज्यांना सर्वत्र फ्यूज म्हणतात, आधी काढून ठेवाव्यात.

समांतर जोडणीत प्रथम दोन्ही बॅटऱ्यांची धन टोके जाड तारेने जोडावीत. ऋण टोके जोडण्याआधी मीटर व्होल्टवर लावून त्याच्या दोन सुया दोन ऋण टोकांना टेकवाव्यात. आकडा शून्याच्या जवळ आला तर जोडणी बरोबर आहे व शेवटची तार निर्धास्त जोडावी. आकडा २५ व्होल्टच्या आसपास आला तर धन टोक समजून ऋण टोक जोडले गेले आहे. तशा स्थितीत शेवटची तार जोडली असती तर शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहून तार वितळली असती अथवा बॅटरी फुटली असती. एकसर जोडणीत हीच परीक्षा उलट वाचावी. मधली तार जोडल्यावर बाहेरच्या दोन टोकांवर २५ व्होल्ट दिसावयास हवेत. शून्य दिसले तर मधली तार चुकीची आहे. मीटर अँपिअरवर ठेवून ही परीक्षा कधीही करू नये, मीटरच जळेल. मीटर नसेल तर १२ व्होल्टचा लहान दिवा दोन तारांनी लावून पाहावा. समांतर जोडणीत शेवटच्या दोन टोकांमध्ये तो पेटता कामा नये.

यानंतरची गोष्ट लहान वाटते, परंतु अनेक जोड्या तिच्यामुळे अल्पायुषी ठरतात. समांतर जोडलेल्या दोन बॅटऱ्यांवरून वीज घेताना मोटरीची धन तार पहिल्या बॅटरीवरून व ऋण तार दुसऱ्या बॅटरीवरून घ्यावी. दोन्ही तारा एकाच बॅटरीवरून घेतल्या तर जवळची बॅटरी अधिक राबते आणि दूरची आळसावते. तिरप्या जोडणीने दोघींच्या वाट्याला तारेचा सारखाच अडथळा येतो. चार्जरच्या तारांनाही हाच नियम लागू आहे. बॅटऱ्या तीन किंवा चार असतील तर प्रत्येकीपासून सारख्याच लांबीच्या तारा काढून तांब्याच्या एका जाड पट्टीवर आणाव्यात. एक पट्टी धन, एक ऋण.

प्रत्येक बॅटरीच्या धन टोकापासून एका वितीच्या आत वितळतार असावी. ती दिव्याच्या किंवा मोटरीच्या रक्षणासाठी नसून तारेच्या रक्षणासाठी असते, म्हणून तिचा आकडा तारेच्या जाडीवरून ठरतो. १६ चौरस मिलिमीटरच्या मोटरीच्या तारेला ५० अँपिअरची व दिव्याच्या दीड चौरस मिलिमीटरच्या तारेला ५ अँपिअरची वितळतार योग्य होय. वितळतार उडाली म्हणून तिच्या जागी खिळा वा तांब्याची तार गुंडाळणे हा सर्रास चालणारा प्रकार आहे. तसे केल्यास पुढच्या वेळी वितळतारेच्या जागी होडीतील तार जळते.

तारांची टोके पिळून बांधू नयेत. तांब्याचे लग दाबून बसवावेत, बोल्ट आवळावा व वर व्हॅसलीन लावावे. बॅटरी सोडविताना ऋण टोक आधी सोडवावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे. पत्र्याच्या होडीत हा क्रम विशेष कटाक्षाने पाळावा.

दिव्याची बॅटरी वेगळी

दोन मोठ्या बॅटऱ्या उत्तम जोडल्या तरी त्यांवर सर्व भार टाकणे शहाणपणाचे नाही. मोटरीने साठा संपविला की दिवाही जातो, आणि काळोखात इतर होड्यांना तो तराफा दिसत नाही. समुद्रावरील यांत्रिक नौकांवर हा धडा फार पूर्वी शिकला गेला. इंजिन सुरू करण्याची बॅटरी निराळी व दिवे, बिनतारी यंत्र, माशांचा ठाव घेणारे यंत्र यांची निराळी, अशी तेथील चांगली व्यवस्था असते. इंजिन चालू असता दोन्ही भरल्या जातात, आणि इंजिन थांबले की दाब ओळखणारा रिले त्यांना आपोआप विलग करतो. रिलेच्या जागी हाताने फिरविण्याचा स्विच असेल तर इंजिन चालू असताना तो बंदवर नेऊ नये. विद्युत्-जनित्राचे डायोड जळतात.

घोटीकडील होडीला इतका खटाटोप नको. फवारणी पंपातील १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची बॅटरी फवारणीचा हंगाम संपला की घरात पडून असते. तिच्यावर ५ वॅटचा एक दिवा लावला तर निम्मा साठा वापरूनही तो सुमारे नऊ तास जळतो. ही बॅटरी मोठ्या जोडीला न जोडता अगदी स्वतंत्र ठेवावी. स्वतंत्र दिवा व अंगावर जीवरक्षक जाकीट, एवढ्या दोन गोष्टी होडीवर असल्यावाचून रात्री जाळ्यास जाऊ नये.

दिव्याविषयी आणखी एक बाब. तीव्र एलईडी दिव्यांनी मासे आकर्षून पकडण्यास केंद्र सरकारने २०१७ मध्ये देशाच्या सागरी आर्थिक क्षेत्रात बंदी घातली आहे, कारण त्यात लहान पिलेही साफ होतात. आणि बॅटरी व इन्व्हर्टर यांच्या साहाय्याने पाण्यात विजेचा धक्का देण्याचा प्रकार कोणी सुचविला तर त्यास स्पष्ट नकार द्यावा. त्या पाण्यात हात घालणारा माणूसही मासळीबरोबरच मरतो.

लिथियमच्या बॅटऱ्या

अलीकडे लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या येऊ लागल्या आहेत. त्या वजनाने निम्म्याहूनही हलक्या असून त्यांतील शेकडा ८० पर्यंत साठा वापरता येतो. किंमत मात्र अधिक. त्यांचे चार घट मिळून १२.८ व्होल्ट होतात आणि आत रक्षणासाठी इलेक्ट्रॉनिक पट्टी असते. लिथियम व शिशाची बॅटरी एकत्र कधीही जोडू नये. दोघींच्या भरण्या-उतरण्याची रीत निराळी आहे. चार्जरही लिथियमचाच लागतो. दोन लिथियम बॅटऱ्या एकसर जोडण्यास उत्पादकाची संमती आहे काय, हे तिच्या पत्रकात पाहिल्याशिवाय हात लावू नये.

भरणे व सांभाळणे

शिशाच्या बॅटरीला तिच्या अँपिअर-तासांच्या दहाव्या भागाइतका प्रवाह मानवतो. १०० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्यांना १० अँपिअरचा चार्जर लावला तर ७० अँपिअर-तास भरून येण्यास नऊ-दहा तास लागतात. होडीवरून परतल्यावर त्याच दिवशी भरणे सुरू करावे. अर्धवट रिकामी बॅटरी आठवडाभर ठेवली की पट्ट्यांवर पांढरा थर धरतो व साठा कायमचा घटतो.

सौर पट्टीवर विसंबताना घोटीचे हवामान ध्यानात घ्यावे. १०० वॅटची एक पट्टी स्वच्छ उन्हाच्या दिवशी २० ते २५ अँपिअर-तास देते. वरील हिशेबाच्या होडीस अशा तीन लागतील. जून ते सप्टेंबर या काळात येथे दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. त्या महिन्यांत घरच्या विजेवर भरण्यावाचून गत्यंतर नाही. होडी बांधून ठेवली तरी बॅटरी आपोआप उतरत असते, म्हणून पावसाळ्यात महिन्यातून एकदा ती पूर्ण भरावी. किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात याच दुर्लक्षाने पुष्कळ बॅटऱ्या मरतात.

आम्लाची पातळी कमी झाली तर फक्त ऊर्ध्वपातित पाणी घालावे, विहिरीचे वा धरणाचे नव्हे, आणि आम्ल तर मुळीच नाही. अंगावर आम्ल उडाले तर भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले तर पाण्याने धूत धूतच दवाखाना गाठावा. सांडलेल्या आम्लावर खाण्याचा सोडा टाकावा. निकामी बॅटरी फोडून आम्ल ओढ्यात ओतू नये. त्यातील शिसे त्याच जलाशयात व मासळीत उतरते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानदारास द्यावी व तिची किंमत वजा करून घ्यावी.